वेल्स देशी तीन जोन्स पाताळी अडकले त्याचे वर्तमान

श्री. जो पाताळीही सोबत करितो त्या ईश्वरास नमन. शके १७८५, रुधिरोद्गारी नाम संवत्सरे, इंग्रजांच्या राणीसाहेबांचे छत्राखाली वेल्स देश नांदत असता, पृथ्वीचे पाठीवर त्या लोकांएवढे थोर नाव कोणाचे नव्हते. म्हणजे नाव एकच होते, जोन्स, आणि ते सर्वांनी वाटून घेतले होते. सबब लोक टोपणनावे ठेवीत. बापाची पावाची भट्टी तो जोन्स पाव, डोळा अधू तो जोन्स काणा, आणि जेवावयास बसताच मीठ मागे तो जोन्स मीठ. तिघेही जॉन आणि तिघेही कोळशाचे खाणीत चाकरीस. त्या वसंतात लंडनाहून पामर नामे साहेब, नावास जागणारे, खाणीचे कारभारी होऊन आले आणि हुकूम फर्माविला की, टोपणनाव ही रानटी चाल, जो उच्चारील त्याची चाकरी गेली. लोक बहुत भ्याले. मग उन्हाळाभर बाजारी कोणी 'जोन्स' म्हणता अवघी गल्ली वळून पाहे. आणि मग थंडी पडता रस्त्याने एक निळा दिवा एकटाच चालताना लोकांनी पाहिला. तो प्रेताचे आधी चालतो ऐसी त्या देशी समजूत.

दुसरे दिवशी न्याहारीस जोन्स मिठाने मीठ मागितले. बायको ग्वेनलियन बाई कातावून बोलिली, "चाखण्याआधीच मीठ! वाचा बसो तुमची!" तो मुकाट कामास गेला, आणि मग दोन प्रहरी भुई हादरली, खाण खचली आणि तिघे जोन्स आत राहिले. बायका रश्शाची भांडी घेऊन खाणीचे तोंडाशी धावल्या. पाणी उपसण्याचे नळास तोंड लावून साहेबांनी पुसिले, "कोण आहे?" आतून घोगरा आवाज आला, "जॉन जोन्स. जॉन जोन्साचा पाय दगडाखाली आहे. आणि जॉन जोन्स हाकेस ओ देईना."

साहेब संतोषून म्हणाले, "पाहा, जॉन जोन्स हयात आहे!" तिघा जोन्सांच्या तिघी बायका एकदमच नळाकडे धावल्या. ग्वेनलियन बाईने साहेबांस बाजूस सारिले आणि नळात ओरडली, "बाबा, कोणता तू?"

"सांगू कैसे? चाकरी जाईल."

"अरे मेल्या, तू पाताळात आहेस, चाकरी कसली!"

"वर आलो तर लागेल ना, बाई?"

सर्वांनी साहेबांकडे पाहिले. साहेब खाकरले आणि म्हणाले, "आजचा दिवस माफ."

मग आवाज आला, "मी पाव. पाय काण्याचा. मीठ ओ देईना."

बाई रडली नाही. आपलेच सकाळचे बोल तिचे कानी घुमत राहिले. लोक खणीत गेले, आणि मग पाव पायी निघाला, काणा खांद्यावर निघाला आणि मीठ फळीवर निघाला, कोळशासारखा काळा, हाले ना बोले. बाईने रश्शाचा चमचा त्याचे ओठी लाविला आणि म्हणाली, "मागा हो काहीतरी. जन्मभर मागा."

तात्पर्य, त्या वर्षी खाण खचली, हुकूम बुडाला, पामर साहेब हवापालटास गेले आणि निळा दिवा कोणासाठी आला होता ते कोणी विचारिले नाही. जोन्स मिठाने एक डोळा उघडिला, या खेपेस आधी चाखिले, आणि मग बाईस पुसिले, "जरा मीठ आहे का?"