बिनआवाजाच्या गाडीत ट्रम्पेट

रविवारी मठातल्या चर्चमध्ये दुन्याचं लग्न होतं, आणि तिला तिथे कोणाच्या गाडीतून न्यायचं यावरून तिचा बाप रादिसाव आणि होणारा नवरा ओग्न्येन यांची आठवडाभर जुंपली होती. रादिसावची लाल पेट्रोलगाडी त्याच्या स्वतःच्या लग्नातली. ओग्न्येनची नवीकोरी, विजेवरची.

"लेकीला फ्रिजात बसवून पाठवू?" रादिसाव म्हणाला. "आमच्यात फ्रिजात डुकराचं मटण ठेवतात."

शेवटी ठरलं, शनिवारच्या हौशी शर्यतीत जिंकेल त्याची गाडी.

मठाच्या टेकडीखाली, मोरावा नदीकाठच्या जुन्या धावपट्टीवर ही शर्यत होते. एकेक गाडी एकटीच फेरी मारते आणि वेळ मोजतात स्वेतोझारकाका. काकांना लांबचं दिसत नाही, पण कान तिखट. इंजिनाचा आवाज रेषेवर आला की बटण दाबायचं, ही त्यांची पद्धत. तिला आजवर कोणी नावं ठेवली नव्हती.

रादिसावची फेरी धुरात आणि टाळ्यांत पार पडली. मग ओग्न्येन सुटला, फेरी मारून आला आणि खाली उतरला. काका घड्याळ धरून बसलेलेच.

"सुट की लेका. किती नटशील?"

"काका, मी जाऊन आलो."

"मला नाही ऐकू आलास."

पुन्हा फेरी. या खेपेला शेजारच्या शेतातून एक ट्रॅक्टर गेला आणि काकांनी इमानेइतबारे त्याचीच वेळ मोजली.

"ट्रॅक्टर बरा पळाला," रादिसाव रकीया दारूचा घोट घेत म्हणाला.

"मी हॉर्न वाजवतो," ओग्न्येन चिडून म्हणाला.

"कुंपणापलीकडचे बघे सगळेच वाजवताहेत," काका म्हणाले. "त्यातला तुझा कुठला?"

तेव्हा दुन्यानेच, लग्नात वाजवायला ठरवलेल्या तोमाला ट्रम्पेटसकट मागच्या सीटवर कोंबलं.

"काय वाजवू?"

"काहीही. फक्त थांबू नकोस."

तोमा वळणावर आडवा झाला, पण ट्रम्पेट ओठांवरून हलू दिलं नाही. काकांनी बटण अचूक दाबलं. रादिसावपेक्षा दोन सेकंद कमी.

रादिसावने हातातला पेला खाली ठेवला. लेकीला स्वतः गाडी चालवत न्यायचं, एवढंच त्याला हवं होतं. बाकी सगळा तोरा उगीचचा.

इतक्यात मठाच्या प्रमुख माता येफिमिया आवाज मोजायचं यंत्र घेऊन कुंपणाशी आल्या. आवाजाची हद्द ओलांडली की गाडी बाद, या अटीवरच मठाने शर्यतीला परवानगी दिली होती.

"आत्ताची गाडी कोणती?"

सगळ्यांनी विजेच्या गाडीकडे बोट दाखवलं.

"बाद."

"माताजी, गाडीला आवाजच नाही," ओग्न्येन काकुळतीला आला. "हा तोमा..."

"तोमा गाडीत होता ना? मग तो गाडीचाच."

रादिसावला आभाळ ठेंगणं झालं. पुढे होऊन त्याने मातांचा हात चुंबला. "उद्या लेकीला घेऊन येतो, माताजी."

"ये. पण ते लाल धूड फाटकाबाहेर ठेव. मैदानावर कसंबसं सोसलं, देवाच्या दारात नको."

फाटकापासून चर्चपर्यंत मैलभर चढ, त्यात दुन्याचा जमिनीवर लोळणारा झगा. रादिसावने मिशी चावत चढाकडे पाहिलं. मग त्याने जावयापुढे हात पसरला.

"आण चावी. चालवणार मात्र मीच."

"चालवा की, बाबा," ओग्न्येन म्हणाला. "पण हिला चावी नसते."