फुटाला इंच

भूपालआण्णांच्या घरात पंखा लावायला बंदी आहे. एप्रिलमध्येसुद्धा. शिंक आली तर उठून बाहेर जिन्यात जायचं आणि तिथं शिंकायचं. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा घामानं निथळत होते. हात सहज बटणाकडे गेला, तर आण्णा म्हणाले, "बाई, पंखा नगं. धुणं उडून जाईल."

मी इकडंतिकडं पाहिलं. धुणं कुठं दिसेना. मग त्यांनी टेबलाकडे बोट केलं. तिथं हातभर लांबीचं एक कौलारू घर होतं. पुढची भिंत नाही, त्यामुळं आतल्या सगळ्या खोल्या दिसत होत्या. परसात दोरी होती आणि दोरीवर बोटाएवढं धोतर वाळत होतं.

आण्णा आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. गडहिंग्लजला त्यांचं खिळे, बिजागऱ्या, कड्याकोयंड्यांचं दुकान होतं. मूलबाळ नाही. काही वर्षांपूर्वी दुकान पुतण्यांच्या हवाली करून नवरा-बायको कोल्हापुरात आले आणि आण्णांनी हा उद्योग सुरू केला. आवाज असा, की गॅलरीतून खालच्या दूधवाल्याला हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतला माणूस 'ओ' देतो. पण त्या घरासमोर बसले की हाच माणूस कुजबुजतो.

घराचं माप फुटाला इंच. खऱ्या घरात जे फूटभर, ते इथं इंचभर. उदबत्तीच्या काड्यांचे वासे, तुपाच्या डब्याच्या पत्र्याच्या बिजागऱ्या, औषधाच्या बाटलीच्या टोपणाचा हंडा. त्यामुळं आमच्या घरातून कचरा म्हणून काही बाहेर पडत नाही. मी केराचा डबा घेऊन निघाले की वरून आवाज येतो, "बाई, टाकू नगा. दावा आधी."

आयुष्य दुकानात गेल्यामुळं त्यांना जग सुतात दिसतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझ्या लेकीला जिन्यात बघून म्हणतात, "दोन सूत वाढलीस की गं." सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी लांबण लावली, की यांचं ठरलेलं, "मापात बोला, पावणं."

एकदा त्या घरावर मुंग्यांची धाड पडली. आण्णांनी बुट्टीतल्या भाकरी खऱ्या पिठाच्या केल्या होत्या, शर्टाच्या बटणाएवढ्या. मुंग्यांची रांग त्या डोक्यावर घेऊन निघाली होती. घर जैनाचं, मुंगी मारायची सोय नाही. आण्णा कागदाचा कपटा धरून एकेका मुंगीला त्यावर चढवत होते आणि तीन मजले उतरून खाली कुंडीजवळ सोडत होते. मी म्हटलं, "आण्णा, भाकरी तरी काढून घ्या."

"असू दे की. घरातली भाकरी हाय, खाऊ देत," ते म्हणाले. मग रंगाआधी भिंतीच्या भेगांत भरतात त्या लांबीच्या, म्हणजे पुट्टीच्या, नव्या भाकरी थापल्या.

आण्णांच्या बायकोचं, काकींचं, मात्र मला कोडं होतं. जिन्यात मी शेजारून नमस्कार करावा आणि त्यांनी न बघताच पुढं जावं. मला वाटायचं, मोठ्या घरची बाई, ताठ असणार.

यंदा आमच्या शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. मी मोठ्या खुशीत वर गेले आणि घर मागितलं. चार दिवसांचा तर प्रश्न होता. नेताना-आणताना मी स्वतः गाडीत मांडीवर घेऊन बसणार होते.

"न्हाई जमायचं," आण्णा म्हणाले.

"धक्का लागू देणार नाही, आण्णा."

"तसं न्हवं. चार दिवस घराबिगर कसं करायचं?"

मला राग आला. लाकूड आणि पुठ्ठ्याचं घर, त्याच्यावाचून या माणसाचं काय अडणार होतं? मी आठवडाभर वर गेले नाही.

मग एका दुपारी पोस्टमननं त्यांचं पार्सल आमच्याकडे टाकलं, म्हणून जावं लागलं. दार उघडंच होतं. काकी समोरच्या भिंतीला खुर्ची टेकवून बसल्या होत्या आणि मान जराही न हलवता टेबलावरच्या घराकडे बघत होत्या. मी आत आलेलं त्यांना कळलं नाही. आण्णांनी मला खुणेनं आतल्या खोलीत नेलं.

"काचबिंदू हाय तिला," ते म्हणाले. "बाजूनं सगळं गेलंय. नळीतनं बघावं तसं मधलंच तेवढं दिसतंय. ह्या खोलीत उभी ऱ्हायली तर दार दिसलं तर खिडकी न्हाई, खिडकी दिसली तर मी न्हाई. एक दिवस म्हणाली, आपलं गडहिंग्लजचं घर सगळंच्या सगळं एकदा बघायचं हुतं. घर तर पुतण्यांनी पाडलं, गाळे काढले तिथं. मग म्हटलं, बारकं केलं तर मावंल की तिच्या नजरंत."

पार्सल तसंच हातात होतं.

"सकाळ-दुपार बसती. पयल्यांदा खुर्ची टेबलाजवळ हुती. नजरंचा गोल बारीक हुत गेला तशी मागं मागं घेत आलो. आता भिंत लागली."

त्यांनी माझ्या हातातलं पार्सल घेऊन उघडलं. आत घड्याळं दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसलं भिंग होतं. कामाच्या पाटावर दुसऱ्या एका घराचा सांगाडा उभा होता. पहिल्याच्या निम्मा.

"फुटाला चार सूत," आण्णा म्हणाले. "हात जरा थरथरतोय. पण व्हईल."

तेवढ्यात बाहेरून काकींची हाक आली. "अवो, परसाकडचं दार उघडं ऱ्हायलंय."

आण्णा लगबगीनं बाहेर गेले. टेबलापाशी वाकून त्यांनी चिमट्यानं ते पाच इंची दार हळूच पुढं ओढलं आणि कडी घातली.

"लावलं गं."

"आता बरं," काकी म्हणाल्या. "मांजर शिरतंय दुधाला."