पाऊण तासाचा परिचय

"त्याले मी परिचयातच आडवा करतो!" लक्ष्मीकांत सरांनी पोहे खाता खाता जाहीर केलं. पद्मजाबाईंनी त्यांच्या बशीत आणखी थोडी शेव टाकली. सव्वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या घोषणांना त्या एवढीच दाद देत.

सर चिखलीत राहत आणि तिथल्याच एका कला-विज्ञान कॉलेजात इतिहास शिकवत. कॉलेजात व्याख्यान सप्ताह सुरू होता. मंगळवारी लक्ष्मीकांत सर, विषय 'ताम्रपट कसे वाचावेत'. शुक्रवारी रसायनशास्त्राचे आल्हाद सर, विषय 'लोणारचं पाणी खारट का?' शेवटी पोरांनी चिठ्ठ्यांवर अभिप्राय लिहायचे आणि ज्या वक्त्याला जास्त पसंती, त्याला कॉलेज अमरावतीला विद्यापीठाच्या व्याख्यानमालेत पाठवणार! या अमरावतीची लक्ष्मीकांत सर अठरा वर्षं वाट बघत होते. त्यासाठी शिवलेलं जाकीट या काळात दोनदा उसवून सैल करावं लागलं होतं.

मंगळवारी त्यांच्यासमोर सतरा डोकी होती. त्यातला एक पंखा दुरुस्त करायला आलेला वायरमन. सगळ्यात लक्ष देऊन तोच ऐकत होता!

आल्हादचं मात्र भलतंच. वय पस्तीस, अंगात जीन्स, आणि व्हरांड्यात दिसला रे दिसला की मोंढ्यात कापसाच्या गाडीला व्यापाऱ्यांनी वेढावं तशी पोरं त्याला वेढायची. ते पाहून सरांच्या छातीत जळजळ व्हायची. दोन वर्षं ते त्यावर ॲसिडिटीची गोळी घेत होते.

अशात बुधवारी प्राचार्य अनुपमा मॅडम म्हणाल्या, "सर, शुक्रवारी आल्हाद सरांचा परिचय तुम्ही करून द्या. पाच मिनिटं. ज्येष्ठ माणसानं केलेला बरा दिसतो."

म्हणून ही घोषणा.

"हे पाह्य पद्मजा, बारा ते एक त्याचं भाषण. एक वाजता बीबी गावाची एसटी. अर्धं कॉलेज त्याच गाडीनं आपापल्या खेड्यात जाते. मी पाऊण तास माइक सोडतच नाही! मंग पाहू त्याचं पाणी खारट होते का गोड!"

"पाऊण तास त्यांच्याबद्दल बोलसान काय? तुम्ही तर त्यांच्याकडे पाहतही नाही."

सरांचा घास थांबला. मुद्दा बरोबर होता. शत्रूबद्दल त्यांच्याकडे फार तर दीड मिनिटाचा ऐवज होता.

गुरुवारी सरांनी किरकोळ रजा टाकली आणि थेट दुसरबीड गाठलं. तिथं आल्हादची आई सुभद्राबाई राहत.

"माह्या पोराचं इचाराले मोठे सर आले!" म्हातारीनं आल्या आल्या भाकरी टाकल्या. ठेचा वाढला, दही वाढलं.

"मावशी, त्याचं लहानपणीचं काही सांगा. म्हणजे… काही फजितीचं?"

"आता काय सांगू बापा! लय बह्याड, येडं होतं ते पोट्टं. सरपंचाच्या सत्काराले यानं लिंबाच्या सरबतात खायचा सोडा टाकला. सारा फेस सरपंचाच्या धोतरावर!"

"वा! अजून?"

"सातवीत विज्ञानात नापास झालं. अकरा मार्क! भेवानं दिवसभर कडब्याच्या गंजीत लपून बसलं."

विज्ञानात नापास! सरांनी त्याखाली दोन रेघा मारल्या. त्यांनी तिसरी भाकरी मागून घेतली.

शुक्रवारी सभागृहात तीनशे पोरं. खिडक्यांतही पोरं. सरांनी बाराला माइक धरला तो शत्रूवर दात धरावा तसा. आधी दुसरबीडचा इतिहास, मग आल्हादच्या आजोबांची बैलजोडी, मग सरबत. फेस धोतरावर पोचला तेव्हा सभागृह हसून कोसळलं. पोरं आल्हादला हसतायत, या समजुतीनं सर आणखी फुलले. सरपंचाचा आवाज काढला. धोतर सावरून दाखवलं! मॅडमनी चिठ्ठी पाठवली, 'वेळ'. सरांनी ती खिशात टाकली. दुसरी आली, 'कृपया'. तीही खिशात गेली.

"आणि हेच तुमचे शास्त्रज्ञ," शेवटी सर गरजले, "सातवीत विज्ञानात नापास! गुण किती? अकरा!"

मग मागच्या बाकावरचा एक जण उठून ओरडला, "सर, मलेही अकराच पडले होते!"

शिट्ट्या! टाळ्या! बाकं वाजली! आल्हाद आता त्यांचा नुसता सर राहिला नव्हता, नातेवाईक झाला होता.

घड्याळात बारा बावन्न. आल्हाद उठला. डोळे भरलेले. आधी त्यानं लक्ष्मीकांत सरांच्या पायाला हात लावला.

"आजवर कॉलेजातून माझ्या आईला भेटायला कोणी गेलं नव्हतं. सर गेले. आता मी काय बोलू? लोणारच्या तळ्यात पाणी येतं, त्याला बाहेर जायला वाट नाही. उन्हानं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. झालं माझं व्याख्यान. बीबीची गाडी लागली असेल, पळा!"

त्या दिवशी टाळ्या स्टँडवर ऐकू गेल्या म्हणतात.

शनिवारी मॅडमनी पोरांच्या अभिप्रायाच्या चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. दोनशे एक्क्याण्णव आल्हादच्या! 'असे व्याख्यान आयुष्यात ऐकले नाही.' 'वक्ते फार कमी बोलले. अत्यंत आवडले.' 'गाडी मिळाली. धन्यवाद.'

"तर अमरावतीला आल्हाद सर जातील," मॅडम म्हणाल्या. "पण त्यांची एक अट आहे. परिचय तुम्हीच करून द्यायचा."

सरांच्या छातीतली जळजळ टाळूपर्यंत चढली. याच्या व्याख्यानाला आपण नुसते करवली म्हणून जायचं?

"मी नाही जाणार, मॅडम!" ते ताडकन उठले.

"बरं. मग भूगोलाच्या गजेंद्र सरांना सांगते. ते सकाळपासून दोनदा विचारून गेले."

सर दारात थांबले.

"गजेंद्र? त्याले काय येते परिचयातलं? तो तर हजेरी घेतानाही अडखळते!"

"मग?"

सर हळूच परत आले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, खिडकीबाहेर बघत, जणू सहज म्हणाले, "अमरावतीत परिचयाला वेळ किती देतात?"

"दोन मिनिटं."

सर मटकन खुर्चीत बसले. "दोन मिनिटांत तर मी दुसरबीडच्या फाट्यावरही उतरत नाही हो!"