बापूस जागा हवा

महिपतच्या होडीवरची पेटी त्याच्या मुलाने, अजिंक्यने, बनवली होती. पूर्णगडला घरी बसून तो पुण्याच्या एका छोट्या कंपनीचं काम करायचा. मासा कुठे लागला ते पेटी आपोआप नोंदवणार होती. पहिल्याच फेरीत महिपतला सुरमईचा उत्तम ठाव, मासा हमखास लागेल अशी जागा, सापडला. घरी येऊन बघतात तर पेटीच्या नकाशात नेमकी तीच जागा कोरी.

"धक्का हाय, खाडी हाय. माझी सुरमय कुठं गेली?" महिपतने विचारलं.

अजिंक्यला चूक सापडली ती दुसऱ्या दिवशी. जेवताना त्याने आईला, बकुळाला, समजावलं. "पेटीत मेमरीची एकच चिप असते. तिचे मी भाग पाडले. एकात प्रोग्राम, दुसऱ्यात नोंदी. काम नसलं की बॅटरी वाचवायला चिप झोपते. पण नोंदींचा भाग तिचाच आहे हे तिला सांगायचं राहिलं. तो लिहीत होता आणि ही झोपली."

"म्हंजे पोर राबतंय नि बापूस घोरतोय," बकुळा म्हणाली. महिपतने भातात आमटी वाढून घेतली.

अजिंक्यने नोंदींच्या भागाला त्याचा बाप, म्हणजे ती चिप, दाखवून दिला. काम निघालं की आधी बापाला उठवायचं. मात्र काम संपल्यावर त्याला झोपायला सांगायची ओळ लिहायची राहून गेली.

पुढच्या फेरीत महिपतने अंदाजाने तोच ठाव गाठला. इंजिन बंद करून त्याने जाळं टाकलं. पेटीने जागा नोंदवली आणि मग टक्क जागीच राहिली. ती चालायची होडीच्याच बॅटरीवर, आणि बॅटरी आधीच जुनी. जाळं ओढून झालं तेव्हा इंजिन खोकलंसुद्धा नाही.

जवळपास होता तो फक्त गंगाराम. ठावांवरून दोघांची जुनी चुरस. महिपतने नाइलाजाने फोन लावला.

"कुठं हायस?"

"हा काय, पाण्यात."

"पाण्यात हायस ते कळलं. नेमका कुठं?"

महिपतने आधी बॅटरीचंच रडगाणं लावलं. होडी प्रवाहाबरोबर सरकायला लागली, तेव्हा त्याने ठावाची नेमकी जागा सांगितली. गंगाराम आला, दोर बांधून त्याला धक्क्यापर्यंत घेऊन आला आणि सुरमईबद्दल एक शब्द बोलला नाही.

अजिंक्यला जेवण गोड लागेना. राहिलेली ओळ लिहून, नवी बॅटरी घेऊन पुढच्या फेरीला तो स्वतःच बापाबरोबर निघाला. पेटी वेळेवर झोपली, वेळेवर उठली आणि नोंदवलेल्या ठावापर्यंत त्यांना बिनचूक घेऊन गेली.

"बाबा, बघा. ठिपका अगदी जागेवर आहे."

"बरोब्बर," महिपत म्हणाला. "गंगारामच्या होडीवर."

गंगारामचं जाळं केव्हाच पाण्यात पडलं होतं. त्याने होडी जरा बाजूला घेतली आणि हात केला.

"टाक हिकडं, दोघांना पुरंल. नि पोरा, पेटी झकास हाय हां तुझी. माझ्या होडीवर पण बसव एक."