बावीस वर्षांचे तीन दात

या, जरा पुढे सरका, भिंतीला टेकून बसलात तरी चालेल. एका माणसाच्या तोंडातली गोष्ट सांगतो. म्हणजे अगदी तोंडातलीच.

घड्याळजींचा डाव्या बाजूचा एक दात पडला होता. म्हाताऱ्या दंतवैद्यांनी शेजारच्या दोघांवर टोप्या चढवल्या आणि त्यांच्या आधाराने मधे बनावट दात कायमचा चिकटवून दिला. त्याला झाली बावीस वर्षं. आता दंतवैद्य निवृत्त होत होते. नव्या दमाचा एक डॉक्टर म्हणाला होता, "असे दात दहा-बारा वर्षांपलीकडे जात नाहीत हो." त्यावर म्हातारबुवांनी शब्द दिला होता, "निरोपाच्या सभेत दाखवतो."

त्या दिवशी दुपारी त्यांनी घड्याळजींना बोलावलं, भुलीचं इंजेक्शन देऊन हिरडी साफ केली, वर दात झाकतील अशी कापसाची घडी ठेवली आणि बजावलं, "जीभ लावायची नाही, बोट लावायचं नाही. संध्याकाळी सभेत हा कापूस मीच काढणार." घड्याळजींनी मान डोलावली. त्यांच्या लेखी तो गुरूचा शब्द होता.

घरी आले तेव्हा अर्धा चेहरा उशीसारखा झाला होता. खिडकीत उतरतं ऊन, भिंतीवर दुरुस्तीच्या घड्याळांची टिकटिक. खुर्चीत त्यांचा डोळा लागला. स्वप्नात ते भजन गात होते. सूर इतका लांबला, की ते तीन दात जागचे उठले आणि पांढऱ्या पाखरांसारखे निघाले. घड्याळजी आ वासून मागे धावले, तर एकेक पाखरू वळलं आणि सरळ त्यांच्या घशात उतरलं.

जागे झाले तर डावीकडे काहीच नाही. ना दात, ना गाल.

"गेले," ते पुटपुटले.

"कोण गेलं?" बायको ओले हात पुसत आली.

"दात. गिळले मी झोपेत."

"आ करा बघू."

"कापूस काढायचा नाही म्हणून सांगितलंय."

"बरं. दात गेले तर जाऊ देत, कापूस सांभाळा."

एवढ्यात मेहुणा आला. त्याला कळत नाही असं जगात काही नव्हतं. "पोटात असतील तर एक्स-रेच्या फोटोत दिसतील, भावजी. चला."

फोटोत पोट लख्ख होतं. दुसरा कोणी सुटकेचा निःश्वास सोडता. मेहुणा म्हणाला, "म्हणजे गिळले नाहीत, सांडले."

मग खुर्ची उसवली. घरभर काथ्या झाला. टेबलाचे खण उपडे केले, तशी गिऱ्हाइकांच्या घड्याळांची चाकं एकमेकांत मिसळून गेली. दात सोडून सगळं सापडलं.

"नका जाऊ सभेला," बायको हळूच म्हणाली.

"मी गेलो नाही तर आपले डॉक्टर एकटेच खोटे पडतील. निदान शेजारी उभा तरी राहतो."

वाटेत गालात मुंग्या येऊ लागल्या. घड्याळजींना वाटलं, दुःख असंच येत असावं.

भरल्या सभेत त्यांनी हात जोडले. "डॉक्टर, माफ करा. दुपारीच गेले."

दंतवैद्यांनी चिमट्याने कापूस उचलला. डाव्या बाजूला सगळे दात ओळीने उभे होते.

"काखेत कळसा ऐकलं होतं," मागून बायकोचा आवाज आला, "तोंडात आज पाहिला."

नवा डॉक्टर वाकून बराच वेळ बघत राहिला. "काका, यातले बसवलेले कुठले?"

घड्याळजींनी जीभ फिरवून बोट ठेवलं. ते त्यांच्या स्वतःच्याच दातांवर पडलं. दंतवैद्य हसले, चष्मा पुसला, पुढे झुकले. "अहो, ते नव्हेत. हे." मग थांबले. "नाही, यांच्या अलीकडचे." शेवटी जबड्याचा जुना फोटो उजेडासमोर धरला, तेव्हा दोघंही चुकलेले निघाले.

"सर, तुम्हालाही ओळखता येत नाहीत?"

"आता नाही येत," म्हातारा म्हणाला, आणि एवढ्या सुखाने म्हणाला, की नव्या डॉक्टरने वाकून नमस्कार केला.

तेव्हा मंडळी, उद्या घास चावताना दात आहेत हेही जाणवलं नाही, तर क्षणभर थांबा आणि त्या म्हाताऱ्या दंतवैद्याची आठवण काढा.