शेवट कुणी सांगू नये म्हणून

गुपित राखण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. लग्नाआधी मी गणितात किती वेळा नापास झाले, हे माझ्या नवऱ्याला अजून ठाऊक नाही, आणि तो हिशेबतपासनीस आहे! त्यामुळे एक साधी कादंबरी सासूबाईंच्या नजरेपासून लपवून वाचायची, हे काम मला हातचा मळ वाटलं होतं.

कादंबरीचं नाव सांगत नाही, नाहीतर तुम्हीही रांगेत उभे राहाल. एवढंच सांगते की तिच्यात डोंगरावरचा एक काळा महाल आहे, सावली न पडणारा देखणा सरदार आहे, आणि महालातली घड्याळं दुरुस्त करायला आलेली एक धीट मुलगी आहे. घड्याळ बंद पडलं की महालात एक माणूस मरतो. पहिला भाग वाचताना मी भात दोनदा करपवला.

त्याच पहिल्या भागाचा घात आमच्या आईंनी केला. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या कुठलंही पुस्तक शेवटच्या पानापासून सुरू करतात. मुक्काम कुठे आहे ते माहीत असल्याशिवाय प्रवासाला निघू नये, असं त्यांचं म्हणणं. निघाल्या तर निघोत बापड्या, पण मुक्काम त्यांच्या पोटात राहत नाही. मी निम्म्यावर असताना, चहात साखर ढवळता ढवळता त्या म्हणाल्या, "तो वैद्य आवडतो ना गं तुला? तोच खुनी आहे." मी आठवडाभर त्यांच्याशी मोजकंच बोलले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

म्हणून दुसरा भाग आला तेव्हा मी पदर खोचला. मी ग्रंथालयाच्या बांधणी विभागात काम करते. जास्त मागणीची पुस्तकं वाचकांच्या हाती जाण्याआधी माझ्याकडे येतात. मी त्यांचे फर्मे, म्हणजे पानांच्या जुड्या, सुट्या करून पुन्हा शिवते आणि वर जाड पुठ्ठा चढवते. दुसऱ्या भागासाठी नाव नोंदवलेल्यांत पहिलं नाव अर्थातच आईंचं होतं. त्याच दिवशी माझ्या टेबलावर आणखी एक फाटकं पुस्तक आलं होतं. विषय नळजोडणी. दोन्ही एकाच मापाची. माझ्या डोक्यात दिवा पेटला!

कादंबरीला नळजोडणीचा पुठ्ठा, नळजोडणीला कादंबरीचा. खोटी कादंबरी मी प्रेसमध्ये, म्हणजे पुस्तकं दाबायच्या चौकटीत, वजनाखाली ठेवली आणि वर चिठ्ठी लावली: गोंद ओला आहे, हात लावू नये. खरी कादंबरी पिशवीत टाकून राजरोस घरी नेली. नळांच्या पुस्तकाकडे आई ढुंकून बघणार नाहीत, याची मला खात्री होती.

त्यांनी पुस्तकाकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

सरदाराने घड्याळवालीचा हात हाती घेतला तेव्हा मी उसासा टाकला. तळघराच्या भिंतीतून टकटक ऐकू आली तेव्हा मी दचकले. तिच्या बहिणीचं पत्र आलं तेव्हा मी चक्क रडले. हे सगळं आई समोरच्या खुर्चीतून बघत होत्या, आणि माझ्या हातात होतं नळजोडणीचं पुस्तक. सून कामावरून थकून येते, घरातल्या गळक्या नळापायी पुस्तकं चाळते, रडते, आणि आपला मुलगा खुशाल लोळत पडलाय! त्यांचं मन द्रवलं. नवऱ्याला त्यांनी असं काही फैलावर घेतलं की तो बिचारा बादली घेऊन उगाचच न्हाणीघरात जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना त्यांनी प्लंबरला बोलावलं. त्याने नळाचा वायसर बदलला. पुस्तक दिसल्यावर त्याने सहज विचारलं, आणि आईंनी ते सढळ हाताने देऊन टाकलं. "आता तुला त्या पुस्तकाची गरज नाही," संध्याकाळी त्या मायेने म्हणाल्या. "नळ बघ कसा गपगार बसलाय."

घड्याळवालीने तळघराच्या दाराला किल्ली लावली होती, आणि मी तिला तशीच उभी ठेवून कामावर गेले होते! आईंना खरं सांगावं तर शेवट गेला, न सांगावं तर पुस्तक गेलं. मी चप्पल पायात सरकवली.

प्लंबर दोन गल्ल्या पलीकडे एका घरी सापडला. उघड्या पडलेल्या न्हाणीघरात तो बादली पालथी घालून बसला होता, पाना बाजूला, पुस्तक मांडीवर. दाराशी अंगाला साबण लावलेले एक गृहस्थ पाणी कधी येणार म्हणून विचारत होते. त्याने वर न बघता 'थांबा' म्हणून हात केला. पुस्तकाच्या सुरुवातीलाच टबमध्ये प्रेत आणि नळ चालू, तेव्हा त्याला वाटलं होतं की उदाहरण दिलंय. मग त्याला पुस्तक खाली ठेववेना.

"ताई, ही भिंतीतली टकटक आहे ना, ती भूत नाही. पाइपात हवा धरलीय," तो म्हणाला.

मी पुस्तक मागितलं. त्याने ते छातीशी धरलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याचं बाळच मागत होते. "दार उघडतंय हो आत्ताच. उद्या घरी आणून देतो, शब्द देतो."

वाचकाचं दुःख वाचकालाच कळतं. पुढचं एक अक्षर कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घालून मी परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो आला. आईंनी दार उघडलं. मी स्वयंपाकघरातून धावत बाहेर येईपर्यंत तो सोफ्यावर टेकला होता आणि चेहरा पडला होता.

"ताई, शेवट काही पटला नाही. ती किल्ली फिरवते, दार उघडतं, आत कोण उभं असतं म्हणून पान उलटलं, तर 'सर्वप्रथम मेन व्हॉल्व्ह बंद करावा.' लेखक एकदम आमच्या धंद्यावर आलाय."

"कसली किल्ली? कसलं दार?" आईंनी विचारलं. मग त्यांनी पुस्तक हिसकावलं, मधलं एक पान वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि सवयीप्रमाणे शेवटचं पान उघडलं. तिथे मोरीच्या जाळीचं चित्र होतं आणि खाली एक ओळ. ती त्यांनी मोठ्याने वाचली: "काम संपल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत."

त्या गंभीर झाल्या. "म्हणजे रक्त लागलं होतं हाताला. सरदारच खुनी."

माझी मात्र ट्यूब पेटली. लपवाछपवीच्या घाईत शिवताना दोन्ही पुस्तकांचे शेवटचे फर्मे एकमेकांत गेले होते. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं! कादंबरीचा शेवट नळांच्या पुस्तकात शिवलेला होता, आणि ते पुस्तक प्रेसमध्ये, वजनाखाली, कादंबरीच्या पुठ्ठ्यात.

आई रागावतील असं वाटलं होतं. त्या साडी बदलून बाहेर आल्या. "चल, आधी शेवट आणू. भांडू नंतर." प्लंबरही पिशवी उचलून मागून निघाला.

प्रेस रिकामी होती. वजन बाजूला, चिठ्ठी जमिनीवर.

ग्रंथपालसाहेबांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. साहेबांनी आजवर एकही कादंबरी वाचली नाही, अशी त्यांची ख्याती. ते टेबलाशी ताठ बसून शेवटचं पान वाचून पुस्तक मिटत होते. आम्हा तिघांना बघून त्यांनी चष्मा काढला.

"या बाई. एवढी मागणी कशाला, म्हणून मीच वाचून बघितलं. कादंबरी इतकी उपयुक्त असते, हे मला माहीत नव्हतं. गळतीचं रहस्य तर काय सुरेख उलगडलंय."

"सर, पुढे बोलू नका," मी हात जोडले. "फक्त ते पुस्तक द्या."

"फक्त शेवट बिघडवला हो," साहेब सवयीच्या संथपणे म्हणाले. "सगळं पाण्याच्या टाकीपर्यंत छान आलेलं असताना, कोण कुठली ती मुलगी त्या सरदाराशी लग्न करते, आणि खुनी निघते तिची सख्खी बहीण. काय संबंध?"

प्लंबरने पिशवी हळूच खाली ठेवली. आई समोरच्या खुर्चीत बसल्या. शेवट दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी माझा हात धरला.

"असं वाटतं होय गं?" त्या म्हणाल्या. "मग त्या वैद्याच्या वेळी बोलली का नाहीस?"

गुपित राखण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.