भिकाजी खांबेट्यांचं प्रलंबित प्रकरण

भिकाजी खांबेटे मंगळवारी दुपारी वारले, पण नीतिसमितीचा निर्णय लागू न झाल्यामुळे शुक्रवारीही ते रुग्णालयाच्या खाटेवर बसून होते. यंत्र लावू नका, मला घरी मरू द्या, असं त्यांनी लेखी दिलं होतं. ते मानावं की नाही हा नैतिक पेच होता, आणि पेच सुटेपर्यंत रुग्णानं जाऊ नये असा तिथला नियम. हृदय बंद होतं. यंत्र मात्र इमानेइतबारे चालू होतं.

"कुंदे, घरी ने गं," मास्क सरकवून ते मुलीला म्हणाले. "माझ्या खाटेवर नीट मरू दे मला."

कुंदानं त्यांचा मास्क पुन्हा नीट बसवला. ती तरातरा समितीच्या खोलीत गेली. सातही सभासद बटाटेवडे हाणत होते.

"अहो, बाबांनाच विचारा ना! बोलतायत ते!"

सचिव डॉक्टर निरगुडकरांनी बोटं पुसली. "ताई, रुग्णाचा यात हितसंबंध गुंतलाय. त्याला विचारलं तर निर्णय निःपक्षपाती कसा राहील?"

"मग ठरवा तरी!"

"सोमवारीच ठरलं. घरी पाठवायचं, एकमतानं. फक्त इतिवृत्त कायम व्हायचंय."

"मग आत्ता करा."

"ही तातडीची सभा आहे. तातडीच्या सभेत जुने विषय घेत नाहीत."

"लाजा कशा वाटत नाहीत हो तुम्हाला?" कुंदा कडाडली. सचिवांनी नोंद केली: नातेवाईक भावनिक.

तिनं परत येऊन मास्क काढला, बाबांच्या पायात चपला सरकवल्या आणि हात धरून त्यांना जिना उतरवला. फाटकावर रखवालदारानं अडवलं.

"डिस्चार्जचा कागद?"

"नाही बाबा," भिकाजी म्हणाले. "मी मेलोय."

रखवालदार ओशाळला. "मग आधी सांगायचं ना, आजोबा! मागच्या दारानं जा." चार दिवसांत त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणारा हा पहिलाच माणूस.

घरी ते आपल्या खाटेवर आडवे झाले. "आता बरं वाटलं गं," म्हणाले, आणि गेले.

दिवस शुक्रवारपासून धरायचे, असं भटजींनी एका वाक्यात सांगितलं. दहाव्याला निघताना रुग्णालयाचं पत्र आलं: ठराव कायम झाला आहे. रुग्णास घरी नेण्यास हरकत नाही. नेण्यासाठी रुग्णास सोबत आणावे.

घाटावर कुंदानं ते पत्र पसरून त्यावर पिंड ठेवला. कावळा लगेच शिवला.